टेबल सॉचा फेन्स: दुरुस्त करावा की बदलावा?

वाचकांच्या पत्रांतून या वेळी एकाच भागाविषयीचे प्रश्न वेगळे काढले आहेत: टेबल सॉवर फळी ज्याला टेकवून आपण लांबीत फाडतो तो फेन्स. आपल्याकडे बहुतेक वर्कशॉपमध्ये त्याला ‘गाईड’ म्हणतात. झिजलेल्या गाईडवर वर्षानुवर्षं काम चालू राहतं, कारण मशीन बंद पडत नाही. पण माल खराब होतो आणि कामगाराच्या हाताला धोका राहतो, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

प्रश्न: आमच्याकडे १२ इंची ब्लेडचं, बिडाच्या टेबलाचं जुनं मशीन आहे. गाईड गोल रॉडवर सरकतो. लॉक केल्यावरही मागचं टोक हाताने हलतं. सागवानाच्या पट्ट्या एका टोकाला अर्धा सूत (इंचाचा सोळावा भाग) जाड निघतात आणि कडेवर काळे डाग पडतात. गाईड बदलावा की मशीनच काढून टाकावं? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर: मशीन काढू नका. टेबल सपाट असेल आणि आर्बरच्या, म्हणजे ब्लेड ज्या दांड्यावर बसतं त्याच्या, बेअरिंगला खेळ नसेल, तर बिडाचं जुनं मशीन आजच्या पत्र्याच्या मशीनपेक्षा कितीतरी चांगलं.

तुम्ही दोन लक्षणं सांगितलीत, ती दोन वेगळ्या दोषांची आहेत. गाईड सरळ आहे पण तिरका बसलाय, एवढाच दोष असता तर पट्टीची रुंदी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखीच निघाली असती. फळी गाईडला घासत पुढे जाते आणि कापणारा पुढचा दाता एकाच जागी असतो, त्यामुळे त्यांच्यातलं अंतर बदलत नाही. तिरकेपणाने लाकूड जळतं, रुंदी बदलत नाही. अर्ध्या सुताचा फरक येतोय याचा अर्थ कापत असताना गाईड सरकतोय, गाईडला बाक आहे, किंवा फळीची टेकवायची कडच रंधून सरळ केलेली नाही. ही शेवटची शक्यता आधी तपासा, तिला काही खर्च नाही.

आता काळे डाग. पट्टीच्या, म्हणजे गाईड आणि ब्लेड यांच्यामधल्या तुकड्याच्या, कापलेल्या कडेवर डाग असतील तर गाईडचं मागचं टोक ब्लेडकडे झुकलंय. लाकूड पाचरीसारखं मागच्या दात्यांवर दाबलं जातं. मागचे दाते खालून वर येत असतात, ते लाकूड उचलतात आणि कामगाराच्या पोटाच्या दिशेने फेकतात. १२ इंची ब्लेड मिनिटाला २८८० फेरे घेत असेल तर दात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ४६ मीटर, म्हणजे ताशी १६५ किलोमीटर होतो. डाग बाहेर पडणाऱ्या तुकड्याच्या कडेवर असतील तर गाईड मागे जास्त उघडला आहे. दोन्हीकडे असतील तर गाईडला दोष देण्याआधी ब्लेड बोथट आहे का, दात्यांवर डिंक साठलाय का ते बघा.

तपासणी अशी करा. आधी मेन स्विच पाडा, नुसतं बटण बंद केलेलं चालणार नाही. ब्लेड पूर्ण वर घ्या आणि एका दात्यावर पेनने खूण करा. तो दाता पुढच्या बाजूला टेबलाच्या पातळीवर आणून मायटरच्या खाचेपासून (आडव्या कापाचा मायटर गेज टेबलाच्या ज्या खाचेत सरकतो तिच्यापासून) त्याचं अंतर मोजा, मग तोच दाता फिरवून मागे आणा आणि पुन्हा मोजा. एकच दाता यासाठी की ब्लेड किंचित वाकडं असलं तरी मोजमाप फसत नाही. डायल गेज नसेल तर खाचेत घट्ट बसणाऱ्या लाकडी पट्टीला एक स्क्रू आडवा लावा, स्क्रूचं डोकं पुढे दात्याला जेमतेम टेकवा आणि मागे राहणारी फट फीलर गेजने बघा. दुचाकीचे टॅपेट सेट करायला वापरतात तोच फीलर गेज चालतो. फरक ०.१ मिमीपर्यंत ठीक. त्यापेक्षा जास्त असेल तर आधी आर्बरची बैठक सैल करून ब्लेड खाचेला समांतर करा. हे न करता नवा गाईड बसवला तर नवाही जुन्यासारखाच जाळत राहील.

मग गाईड. रोज कापता त्या रुंदीवर लॉक करा. मागच्या टोकाला ताणकाटा अडकवून दोन-तीन किलो आडवा ओढा आणि सोडा. टोक किंचित हललं आणि परत जागेवर आलं तर तो लोखंडाचा लवचीकपणा, चालेल. परत आलं नाही तर लॉक घसरतोय. मग सैल करून त्याच आकड्यावर दहा वेळा लॉक करा, दर वेळी पुढून आणि मागून खाचेपासून मोजा. दहापैकी एकदाही ०.३ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर बैठक झिजली आहे.

गोल रॉडच्या गाईडमध्ये झीज बहुधा एकाच ठिकाणी असते. सगळं काम दोन ते सहा इंचांतलं, त्यामुळे रॉड तेवढ्याच भागात वरच्या अंगाने चपटा होतो. नखाने चाचपडलं तरी कळतं. रॉडची दोन्ही टोकं सारखी असतील तर रॉड अर्धा फेरा फिरवा, न झिजलेली बाजू वर येते. गाईडच्या डोक्यातलं भोकही मोठं झालेलं असतं. ते लेथवर बोअर करून गनमेटलचं बुश (आतली गोल बाही) बसवा. रॉडवर बुश हाताने सरकावं, पण डुगडुगू नये. लॉकच्या स्क्रूचं टोक रॉडवर खड्डे पाडत असेल तर त्याच्या पुढे पितळेचा छोटा तुकडा टाका.

एवढं करूनही पुरेल का, ते गाईडच्या डोक्याच्या लांबीवर अवलंबून आहे. रॉडला धरणारा भाग १२० मिमी लांब आणि गाईड ७५० मिमी असेल, तर डोक्यातला ०.१ मिमीचा खेळ मागच्या टोकाला ०.६ मिमी होतो. डोकं ३५० मिमीचं असेल तर तोच खेळ मागे जेमतेम ०.२ मिमी. आमचं स्पष्ट मत असं, की डोकं २०० मिमीपेक्षा आखूड असेल तर बुशवर पैसे घालू नका, पुढच्या उत्तरातला टी-आकाराचा गाईड बसवा.

प्रश्न: टी-स्क्वेअर पद्धतीचा फेन्स फॅब्रिकेटरकडून बनवून घ्यायचा आहे. नेमकी मापं आणि सामान सांगाल का? टेबल ७०० मिमी खोल आहे. ८ बाय ४ चं प्लाय मधोमध फाडता यावं. (वाचक, नाशिक)

उत्तर: हा फेन्स फक्त पुढच्या बाजूला लॉक होतो. अमेरिकेत बिल बिझमेयर यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस तो लोकप्रिय केला. पुढे चौकोनी नळी, तिच्यावर सरकणारं लांब डोकं आणि डोक्याला काटकोनात जोडलेला दांडा, एवढंच त्याचं अंग. खाली दिलेली मापं बाजारात सहज मिळणाऱ्या सेक्शनवर बसवली आहेत.

सामान: ७५×५०×६ मिमी अँगल, १५०० मिमीचा एक तुकडा आधारासाठी आणि ३५० मिमीचा डोक्यासाठी. ५०×५०×२.९ ची चौकोनी नळी १५०० मिमी. दांड्यासाठी ८०×४०×३.२ ची नळी ८५० मिमी (वजन पावणेपाच किलोच्या आसपास). ६ मिमी नायलॉनची पट्टी. एम-८ चे चार सीएसके बोल्ट (डोकं भोकात बुडून सपाट बसणारे), एम-६ चे रिव्हेट नट (नळीच्या भोकात पक्के बसणारे नट) आणि बोल्ट, एम-६×१० चे दोन ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे), एक पुश टाइप टॉगल क्लॅम्प (हँडल दाबलं की पुढे रेटणारा).

दुकानात नळी निवडतानाच डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून बघा. बाक डोळ्याला लगेच दिसतो. शंका वाटली तर सपाट प्लायवर नळी ठेवून पेन्सिलने रेघ ओढा, नळी उलटवून तीच कड त्याच रेघेला लावा आणि पुन्हा ओढा. मध्ये फट दिसली तर तिची निम्मी म्हणजे नळीचा खरा बाक. पूर्ण लांबीत ०.३ मिमीपेक्षा जास्त असेल ती घेऊ नका.

आधाराच्या अँगलची ५० ची बाजू टेबलाच्या पुढच्या कडेला लावायची आणि ७५ ची बाजू खाली, बाहेरच्या दिशेने आडवी. तिच्या बाहेरच्या कडेशी नळी बसवली की नळी आणि अँगल यांच्यामध्ये १९ मिमीची फट उरते. डोक्याची उभी बाजू याच फटीत उतरणार आहे, म्हणून टेबलाला धरणारे बोल्ट सीएसकेच हवेत. साध्या बोल्टची डोकी फटीत आली की फेन्स तिथे अडकतो. टेबलातली भोकं १० मिमीची ठेवा, म्हणजे एम-८ बोल्टला वरखाली सरकायला जागा राहील. नळीचा वरचा पृष्ठभाग टेबलाच्या १०.५ मिमी खाली ठेवा. मायटरची खाच साधारण ९.५ मिमी खोल असते. नळी याहून वर ठेवलीत तर मायटर गेजची पट्टी येऊन नळीवर आदळते. ही चूक पुष्कळांच्या हातून होते आणि मग नळीला खाच पाडण्याची वेळ येते.

नळी आधाराला वेल्डिंगने जोडू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने दीड मीटरची नळी केळ्यासारखी वाकते आणि निवडून आणलेला सरळपणा वाया जातो. दर ३०० मिमीवर नळीत रिव्हेट नट बसवून खालून बोल्ट लावा.

डोक्याच्या अँगलची ७५ ची बाजू नळीवर आडवी येते आणि ५० ची बाजू फटीत खाली. आडव्या बाजूखाली दोन्ही टोकांना नायलॉनचे तुकडे लावा, डोकं त्यांवर सरकेल. उभ्या बाजूला, एकमेकांपासून ३०० मिमीवर, एम-६ चे आटे पाडून ग्रब स्क्रू बसवा आणि त्यांच्या पुढे नायलॉनचे तुकडे ठेवा. हे दोन तुकडे नळीच्या टेबलाकडच्या बाजूला टेकतात आणि फेन्सचा काटकोन तेच ठरवतात. टॉगल क्लॅम्प पुढच्या बाजूला, बरोबर मध्ये: तो नळीला पुढून रेटतो, डोकं आपल्याकडे ओढलं जातं आणि दोन्ही तुकडे नळीला घट्ट बसतात. क्लॅम्प मध्यापासून एका बाजूला सरकवून लावलात तर लॉक करताना फेन्स दर वेळी किंचित फिरेल.

दांडा डोक्याला वेल्ड करायला हरकत नाही, पण सलग नको. १५-२० मिमीचे टाके समोरासमोरच्या बाजूंना आलटूनपालटून मारा आणि मध्ये थंड होऊ द्या. तरी किंचित तिरकं होणारच, ते ग्रब स्क्रू सांभाळतात. एम-६ चा आटा १ मिमीचा. एक स्क्रू पाव फेरा फिरवला की ७५० मिमीवरचं टोक ०.६ मिमी हलतं, म्हणून पाव फेऱ्यापेक्षाही कमी फिरवत जा. फेन्स उचलून आतून ॲलन कीने फिरवा, परत ठेवा, लॉक करा, मोजा. मागचं टोक ब्लेडपासून शून्य ते ०.१ मिमी उघडं हवं, आत झुकलेलं अजिबात नको. जुळलं की स्क्रूला निळं लॉकटाइट.

दांड्याच्या दोन्ही बाजूंना १२ मिमी प्लायचा थर लावा आणि त्या प्लायला दोन्हीकडून सनमाईका. एकाच बाजूला लावलात तर प्लाय वळतं. आतल्या नळीला एम-६ चे आटे पाडून सीएसके बोल्टने धरा, म्हणजे थर खराब झाला की बदलता येईल.

नळी ब्लेडच्या उजवीकडे ९०० मिमी ठेवली तर डोक्याची अर्धी लांबी आणि थरांसह दांड्याची अर्धी जाडी वजा जाता ६९० मिमीच्या आसपास रुंदी मिळते. निम्म्या प्लायला ६१० लागतात. टेबलाबाहेर गेलेल्या भागाखाली पाय आणि जोडटेबल हवंच, नाहीतर फळीच्या वजनाने नळी लोंबते.

प्रश्न: सनमाईका कापताना पत्रा फेन्सच्या खाली घुसतो आणि कडा तुटतात. नवा फेन्स घ्यावा का? (वाचक, ठाणे)

उत्तर: नको. सनमाईका ०.८ ते १ मिमी जाडीचा आणि फेन्स टेबलापासून तेवढा वर असायलाच हवा, नाहीतर तो सरकणार नाही. १८ मिमी प्लायची तीन इंच उंच पट्टी घ्या, खालची कड रंधून सरळ करा आणि ती टेबलाला टेकवूनच दोन क्लॅम्पने फेन्सला बांधा. फेन्स हलवताना पट्टी सैल करायची, लॉक झाल्यावर दाबून पुन्हा आवळायची. पत्रा वर उचलला जाऊ नये म्हणून त्याच्यावर एक लाकडी ठोकळा धरा. पट्टीच्या जाडीएवढा मोजपट्टीचा शून्य सरकतो, तेव्हा पहिला तुकडा मोजूनच कापा.

प्रश्न: साइटवर ४ इंची हँड कटर प्लायखाली उलटा बसवून टेबल बनवलं आहे. त्याला चांगला फेन्स कसा लावू? (वाचक, लातूर)

उत्तर: लावू नका, ते टेबल मोडा. हा कटर मूळचा फरशी-मार्बलसाठीचा, मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फेरे घेणारा. त्याला लाकडाचं ब्लेड लावून उलटा बसवला की ना गार्ड उरतो, ना ब्लेडमागची पाचर (फाडलेलं लाकूड मिटू न देणारी पात), ना हाताशी बंद करायचं बटण. फेन्स लावला तर धोका वाढतो, कारण लाकडाला आता दोन बाजूंनी अडकायला जागा मिळते. कटर हातातच ठेवा, प्लाय जमिनीवर थर्माकोलच्या शीटवर पसरा आणि ॲल्युमिनियमची सरळ पट्टी दोन सी-क्लॅम्पने बांधून तिच्या कडेने कटर चालवा. सरळ रेषेसाठी एवढं पुरतं. पट्ट्या फाडायच्या असतील तर गार्ड आणि पाचर असलेलं छोटं टेबल सॉ घ्या किंवा भाड्याने आणा.

प्रश्न: फेन्स बरोबर समांतर आहे, मोजून बघितलं. तरी फणसाची जाड फळी फाडताना ती मध्येच अडकते. शिवाय पावसाळ्यात फेन्सचा एमडीएफचा थर फुगतो. (वाचक, सावंतवाडी)

उत्तर: दोष फळीच्या आतल्या ताणात आहे. घन लाकूड, विशेषतः नीट न वाळलेलं, फाडलं की दोन्ही भाग उघडतात किंवा मिटतात. उघडले की ब्लेडच्या मागे फेन्सवर दाब येतो, मिटले की ब्लेडलाच चिमटा बसतो. पहिल्या दोषाला आखूड फेन्स हा उपाय आहे: मूळ फेन्सवर १८ मिमीची एक फळी लावा, जी पुढून सुरू होऊन ब्लेडच्या मध्याशी संपेल. कापून झालेल्या भागाला उघडायला मागे मोकळी जागा मिळते. युरोपातल्या मशीनवर अशी सोय मुळातच असते. प्लायला मात्र पूर्ण लांबीचाच फेन्स वापरा, त्यात असा ताण नसतो.

दुसऱ्या दोषाला पाचर लागते, म्हणजे ब्लेडच्या मागे उभी राहणारी पोलादी पात. तिची जाडी ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि दात्यांच्या कापापेक्षा कमी हवी. पत्रा १.८ आणि काप २.८ मिमी असेल तर २.२ ते २.५ ची पात. ब्लेड बदलताना ही मापं पुन्हा बघा. पातळ कापाचं ब्लेड लावून जुनी पाचर तशीच ठेवली तर लाकूड पाचरीवरच अडतं.

एमडीएफ कोकणातल्या पावसात टिकणार नाही. आयएस ७१० चं, म्हणजे मरीन प्लाय घ्या, कडांना दोन हात पॉलिश द्या आणि सगळी भोकंही आतून सील करा. पाणी बहुधा तिथूनच शिरतं. फेन्स सरकतो त्या रेलवर आणि टेबलावर घट्ट मेण चोळा. सिलिकॉनचा स्प्रे मारू नका. तो लाकडाला लागला की पुढे मेलामाइन किंवा पीयू पॉलिश मारताना माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात आणि पूर्ण पॅनेल घासून काढावं लागतं.

प्रश्न: गराजमध्ये जुना काँट्रॅक्टर सॉ आहे, टेबल २७ इंच खोल. गोल पाइपच्या रेल, फेन्स पुढे-मागे दोन्हीकडे लॉक होतो आणि दर वेळी वाकडाच बसतो. इथे तयार फेन्स मिळतात. कोणता आणि कसा बसवावा? (वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर: दोन्हीकडे लॉक होणाऱ्या फेन्सची ही जुनीच खोड आहे: पुढचं टोक बसण्याआधी मागचं पकडलं गेलं की फेन्स तिरकाच राहतो. तुमच्याकडे डेल्टा, शॉप फॉक्स, व्हेगा या कंपन्यांचे तयार पर्याय आहेत आणि २७ इंची टेबलाला तिन्ही बसतात. मागवण्याआधी रेलची पूर्ण लांबी आणि गराजची भिंत यांचा मेळ घाला. ३० इंच कापणाऱ्या फेन्सच्या रेलही टेबलाबाहेर बऱ्याच जातात.

नव्या रेलची भोकं जुन्या टेबलाच्या भोकांशी जुळतीलच असं नाही. नवी पाडायला घाबरू नका. बीड ड्रिलने सहज कापलं जातं, तेल लागत नाही, भुकटी पडते ती व्हॅक्यूमने ओढा. आधी रेल क्लॅम्पने धरून पातळी बघा, मगच खूण करा. टेबलाखाली ज्या जागी बिडाच्या कण्या आहेत तिथे भोक आलं तर नटाला जागा मिळत नाही, म्हणून खालून हात फिरवून आधी चाचपडा.

ब्लेड समांतर करायचं काम या मशीनवर किचकट आहे, कारण मोटर-आर्बरची बैठक टेबलालाच खालून चार बोल्टने लटकलेली असते. चारपैकी तीन सैल करा, चौथा जेमतेम ढिला, आणि मागच्या बाजूने लाकडी हातोडीने हलके ठोके द्या. आवळताना ती पुन्हा किंचित सरकते, त्यामुळे प्रत्येक बोल्ट थोडा थोडा आवळत मध्ये मध्ये मोजा. हे आधी, नवा फेन्स नंतर. जुन्या गोल रेल काढल्यावर त्यांचे स्पेसर टाकून देऊ नका. नवी पुढची रेल टेबलाच्या ओबडधोबड ओतीव कडेपासून समान अंतरावर ठेवायला त्यांचे तुकडे कामाला येतात.